सुटणारा भाला, परतणारा भाला

२०२१च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा आमच्या घरातही ते कमरेच्या वर चढलं होतं. पाणी ओसरल्यावर चार दिवस आम्ही फक्त गाळ उपसत होतो. माजघराच्या कोपऱ्यातल्या गाळातून फावड्याला काहीतरी लागलं. धुऊन पाहिलं तर वीतभर लांबीचं लोखंडी पातं आणि त्याच्या बुडाला बांबूत बसवायची नळी. आजोबांची बरची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर आमची वरकस जमीन होती. नाचणी-वरी पोटरीवर आली की आजोबा रात्री माळ्यावर राखणीला बसत आणि ही बरची उशाशी असे. रानडुक्कर शेतात उतरलं की आधी डबा वाजवायचा, मग हाकाटी, आणि अगदीच वेळ आली तर बरची.

आम्ही नातवंडं तिला फेकून बघायला हात शिवशिवत असायचो. आजोबा ओरडायचे, "अरे, भाला फेकायचा नसतो, धरायचा असतो!" त्यामागचं कारण ते एकदाच बोलले होते. अंधारात डुकरावर फेकला आणि नेम चुकला, तर पुढे डुक्कर आणि मागे रिकामे हात.

हे पुस्तक त्या एका वाक्यातून निघालं आहे. पुढे वाचन वाढलं, रोमन सैन्याविषयी वाचू लागलो, आणि आजोबांच्या नेमकं उलट सांगणारी माणसं भेटली. रोमचा पायदळातला सैनिक दोन भाले घेऊन रणांगणात जात असे आणि शत्रू पंधरा-वीस पावलांवर आला की ते फेकून मोकळा होत असे. मग तलवार उपसायची. म्हणजे ज्या भाल्याच्या जोरावर त्याने भूमध्य समुद्राभोवतीचं जग जिंकलं, तो भाला त्याच्याकडे असायचा तो हातातून सोडण्यासाठीच. आजोबांनी अशा माणसाला माळ्यावर बसू दिलं नसतं. पण दोघांपैकी चुकीचं कोणीच नव्हतं. मग फरक कशाचा होता? हत्याराचा, शत्रूचा, की हत्यार पुरवणाऱ्या राज्याचा? पुढच्या सगळ्या पानांत मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो आहे.

महाडच्या माणसाने रोमचा विषय का घ्यावा, असं काही मित्रांनी विचारलं. त्यांना मी गांधारपाल्याच्या लेण्यांकडे बोट दाखवतो. महाडात शिरताना महामार्गावरून दिसणारी ही बौद्ध लेणी कोरली गेली तेव्हा रोमचं साम्राज्य भरात होतं. लेण्यांतल्या एका शिलालेखात कुमार कांभोज विष्णुपालित याचं नाव आहे, म्हणजे इथे दानधर्म करण्याएवढी सत्ता आणि संपत्ती होती. ती आली कुठून, याचं एक उत्तर खाडीत आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी आहे. तिच्यातलं ‘पालैपात्माई’ आणि नंतर टॉलेमीने नोंदवलेलं ‘बालिपत्न’ म्हणजे आपलं पाले, असं काही अभ्यासकांनी मानलं आहे. हे मानलं तर सावित्रीच्या भरतीबरोबर वर येणारं गलबत आणि रोमच्या छावणीतला लोहार एकाच काळातले. मला तेवढा धागा पुरेसा वाटला.

आता रोमनांच्या भाल्याकडे येतो. त्याचं नाव पीलम. लांबी साधारण दोन मीटर, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावर जाणारी. पण तिची वाटणी विचित्र. खालचा भाग जाड लाकडी दांडा, आणि वरचा दोन ते तीन फूट भाग म्हणजे बोटापेक्षाही बारीक लोखंडी गज. गजाच्या टोकाला लहानसं चौकोनी, निमुळतं टोक. आपल्या डोळ्यांसमोर भाला म्हटलं की पिंपळपानासारखं रुंद पातं येतं, त्यामुळे पीलमचं चित्र पहिल्यांदा पाहिलं की कुणीतरी अर्धवट सोडलेलं काम वाटतं. त्या काळच्या लोहाराची अक्कल मात्र नेमकी इथेच आहे. टोक गजापेक्षा थोडं जाड. ते ढालीत घुसलं की त्याच्यामागे पडलेल्या भोकातून बारीक गज अडल्याशिवाय सरकतो, आणि ढालीच्या मागे हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचतो. मागचा जड दांडा त्याला रेटा देतो. रुंद पात्याचा भाला ढालीत अडकून थांबला असता. हा थांबत नाही.

आणि थांबला, तरी काम करून थांबतो. इसवीसनपूर्व ५८ मध्ये बिब्राक्तेजवळ सीझरच्या सैन्याची हेल्वेती या गॉल जमातीशी गाठ पडली. सीझरने लिहून ठेवलं आहे की गॉल लोक ढालीला ढाल लावून चालून आले, वरून पीलम पडले, एकेका पीलमने एकमेकींवर आलेल्या एकाहून अधिक ढाली टोचल्या आणि लोखंड वाकलं. आता तो उपटता येईना, आणि डाव्या हाताला लटकलेल्या त्या ओझ्यासकट लढताही येईना. बराच वेळ हात झटकून शेवटी कित्येकांनी ढालीच टाकून दिल्या आणि उघड्या अंगाने लढू लागले.

वाकणारा भाला ही गोष्ट आपल्याकडे इतकी लोकप्रिय झाली आहे की काही पुस्तकांत तो मुद्दाम वाकण्यासाठीच बनवला, असं सरसकट लिहिलेलं सापडतं. माझं मत वेगळं आहे. फेकल्यावर लगेच वाकावं आणि शत्रूला परत फेकता येऊ नये, असं पॉलिबियसने इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात लिहिलं ते हलक्या पायदळाच्या छोट्या भाल्याबद्दल, ज्याचं टोक ठोकून मुद्दाम पातळ केलेलं असे. जड पीलमबद्दल बोलताना तो उलट लोखंड आणि दांडा यांची जोडणी किती भक्कम, किती खिळ्यांची, हे सांगतो. म्हणजे पीलमचं पहिलं काम भोसकणं. बारीक गज मऊ लोखंडाचा असल्यावर तो वाकतो, हा वरचा फायदा. तो फायदा मात्र पुढे कुणीतरी हेरला. प्लूटार्क सांगतो की इसवीसनपूर्व १०१ मध्ये किंब्री टोळ्यांशी लढण्याआधी सेनापती मारियसने पीलमच्या जोडणीतल्या दोन लोखंडी खिळ्यांपैकी एक काढून तिथे लाकडी खुंटी बसवायला लावली. भाला ढालीत रुतला की खुंटी मोडायची, दांडा एका खिळ्यावर लोंबकळायचा आणि जमिनीवर घासत जायचा. नांगराची किंवा जुवाची खुंटी ऐन पेरणीत मोडते तेव्हा काय होतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला मारियसची युक्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पीलम या शब्दापाशी मी फार दिवस रेंगाळलो. लॅटिनमध्ये पीलम म्हणजे मुसळ. दोन हातांनी उचलून उखळात घालायचं, ते. मुसळ आणि भाला, दोघांना एकच नाव. आमच्या घरात भात कांडायचं मुसळ होतं. तोंडाशी लोखंडी कडं आणि मधे धरायला जरा बारीक केलेलं. ते उभं करून ठेवलेलं आठवलं आणि रोमन सैनिकाच्या हातातल्या जाड दांड्याला ते नाव कसं चिकटलं असेल हे लगेच दिसलं. त्याहून गंमत वाटली ती धातूची. लॅटिनमधलं कुटणं-दळणं सांगणारं क्रियापद आणि संस्कृतातला ‘पिष्’ हा धातू एकाच घरातले. त्या ‘पिष्’पासून पिष्ट, आणि पिष्टापासून आपलं पीठ. म्हणजे पीठ आणि पीलम ही दूरची भावंडं झाली. आपल्याकडेही मुसळ हत्यार होतंच. बलरामाच्या हातात नांगर आणि मुसळ असतं, आणि महाभारतात यादवांचा शेवट ज्या पर्वात येतो त्याचं नावच मौसलपर्व. शेतातून आणि स्वयंपाकघरातून हत्यार उचलणारी माणसं दोन्हीकडे होती. रोमनांच्या दुसऱ्या भाल्याचं नाव हास्ता. ते ऐकून मात्र कुणी ‘हस्त’ आठवू नये, त्या दोघांचं नातं नाही.

हास्ता हा हातात धरून भोसकायचा लांब भाला. जुन्या रोमन सैन्यात तीन रांगा असत. पुढच्या रांगेचं नाव हास्ताती, म्हणजे हास्तावाले, आणि काळाच्या ओघात त्यांच्याच हातात हास्ता राहिला नाही, पीलम आला. नाव जुनं, हत्यार नवं. हास्ता टिकला तो शेवटच्या रांगेत, त्रियारी नावाच्या जुन्या जाणत्या सैनिकांकडे. ते एक गुडघा टेकून, ढाल खांद्याला लावून, भाला तिरपा रोवून मागे बसून राहत. गोष्ट त्रियारींपर्यंत आली, असं लॅटिनमध्ये म्हटलं की समजायचं, आता गळ्याशी आलं. म्हणजे रोममध्येही शेवटची वेळ सांभाळायला धरायचा भालाच ठेवला होता. आजोबांचं म्हणणं तिथेही कुणाला तरी पटलं होतं.

आता आपल्याकडे. इथे मला आधी एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण आमच्या भागात मावळ्याच्या हातात भाला दाखवण्याची चित्रकारांना सवय आहे. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. ४ फेब्रुवारी १६७०ला ते कोंढाण्यावर पडले आणि मढे घाटाने त्यांचा देह उमरठला आणला गेला. तिथे त्यांची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. तानाजी म्हटलं की आपल्याला ढाल-तलवार आठवते आणि ते बरोबरच आहे. रात्रीच्या अंधारात कडा चढून जाणाऱ्या माणसाला लांब भाला हे हत्यार नव्हे, अडचण आहे. मावळे तलवारीचे, कोकणातले हेटकरी बंदुकीचे. मराठ्यांचा लांब भाला मुख्यतः घोड्यावरच्या माणसाचा, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या उघड्या देशाचा. पायदळात भाला नव्हताच असं नाही, पण भाल्याने मराठ्यांना जे नाव मिळवून दिलं ते घोड्याच्या पाठीवर.

त्या भाल्याचा दांडा बांबूचा. हे लिहिताना मला आमच्या डोंगरांचा अभिमान वाटतो. बांबूत पोकळ जाती असतात आणि जवळजवळ भरीव असणाऱ्याही असतात. या भरीव बांबूला लोक नर बांबू म्हणतात. तो लवतो, पण मोडत नाही. पेरं जवळजवळ असल्याने हाताला पकड मिळते, आणि वजन लाकडी दांड्यापेक्षा कमी. पूर्ण वेगातल्या घोड्यावरून भाला लागतो तेव्हा धक्का उलटा स्वाराच्या खांद्याला बसतो. तो धक्का लवणारा बांबू पिऊन टाकतो. इंग्रजांना हे इथे कळलं आणि त्यांच्या घोडदळाच्या भाल्यांना पुढे हिंदुस्थानी बांबूचे दांडे लागले. रोमनांना ज्या कामासाठी लाकूड तासून घ्यावं लागे, ते काम आपल्या बेटात आपोआप उगवत होतं.

भाला चालवायला शिकवायची रीतही आपली. टोकाऐवजी कापडाचा गोळा बांधलेला बोथट भाला म्हणजे बोथाटी. दोन स्वार घोडे फिरवत बोथाटीने एकमेकांना टिपायचा प्रयत्न करीत. घोडं वळवणं, वार चुकवणं, वार देणं हे तिन्ही एका वेळी शिकायचं. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत पट्टा, लाठी यांच्याबरोबर अजून एक हत्यार फिरताना दिसतं, आणि त्याच्यासाठी मी या पुस्तकात एक अख्खं प्रकरण राखलं आहे. तो विटा.

विटा हा आखूड भाला. त्याच्या दांड्याला दोरी असते आणि दोरीचं दुसरं टोक मनगटाशी. फेकायचा, लागला की लागला, नाही लागला तरी झटका देऊन परत हातात घ्यायचा. तो चालवणारे ते विटेकरी. आजोबांचा आणि रोमन सैनिकाचा वाद कुणी समजुतीने मिटवला असेल तर तो विटेकऱ्याने. फेकायचाही आणि सोडायचाही नाही.

रोमन भाल्यालाही कधीकधी दोरी असे, चामड्याची. तिचं नाव आमेंटुम. पण ती मनगटाला बांधलेली नव्हती. दांड्याला गुंडाळून तिच्या फासात बोटं अडकवायची, आणि फेकताना ती उलगडत भाल्याला जादा जोर आणि फिरकी देई. भाला गेला की गेला. एकाच वादीची दोन ठिकाणी दोन कामं, एक लांब धाडणारी आणि एक परत आणणारी. या वादीची एक गोष्ट मला विसरता येत नाही. इसवीसनपूर्व ५४च्या हिवाळ्यात प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचा भाऊ क्विंतुस गॉलमध्ये छावणीसकट वेढला गेला होता. मदत येत आहे हे कळवायला सीझरने एका गॉल स्वाराकरवी ग्रीक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी पाठवली आणि सांगितलं, आत शिरता आलं नाही तर चिठ्ठी भाल्याच्या वादीला बांध आणि भाला तटाच्या आत फेक. त्याने फेकला. भाला एका बुरुजात रुतला आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातच आला नाही. तिसऱ्या दिवशी एका सैनिकाने तो पाहिला, खाली काढला, आणि चिठ्ठी वाचताच छावणीभर आनंद झाला. वरून इतक्या वस्तू येऊन पडत असताना त्यातला एक भाला आपला आहे, हे कुणाला सुचणार?

मग फरक कशाचा, या प्रश्नाचं माझं उत्तर असं. रोमन सैनिक एकटा भाला फेकत नव्हता. रांगच्या रांग एका इशाऱ्यावर फेकत असे, त्यामुळे एकाचा नेम चुकला तरी बिघडत नसे. त्याच्यामागे लोहारशाळा होत्या, सामानाची जनावरं होती, आणि उद्या नवा पीलम मिळणार याची खात्री होती. जर्मनीतल्या ओबेराडेनच्या रोमन छावणीत पीलमच्या लाकडासकट अवशेष मिळाले, ते पाहिले की एकसारखी वस्तू शेकड्यांनी बनवणाऱ्या व्यवस्थेचा अंदाज येतो. आपल्याकडचा शिलेदार घोडा स्वतःचा आणि हत्यार स्वतःचं घेऊन चाकरीला येई. घोडं मेलं तर तो बुडाला, भाला गेला तर त्याच्या पदराला खार. बारगिराला घोडा सरकारी मिळे, पण वेगाने जाऊन वेगाने परतायच्या लढाईत मागून भाल्यांचा गाडा येणार कुठून? जे हत्यार परत मिळणार नाही ते सोडायचं नाही, हा हिशेब गरिबाचा आहे आणि शहाण्याचाही. माळ्यावरच्या आजोबांचा हिशेब तोच होता.

पण या पुस्तकासाठी टिपणं काढताना मला सगळ्यात जास्त हलवलं ते लढाईतल्या भाल्याने नाही. जून १६७४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकाला रायगडावर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना त्याला सोन्याचा मुलामा दिलेले भाले दिसले आणि त्याने ते बारकाईने नोंदवले. उजवीकडे भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका फार किमती भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. तो न्यायाचं चिन्ह आहे, हे त्या परक्या माणसाला कुणी न सांगता कळलं असेल. मी लहानपणापासून रायगडावर किती वेळा गेलो, मोजदाद नाही. सिंहासनाच्या जागेसमोर उभं राहून मी त्या तराजूचा विचार पहिल्यांदा केला तो ही नोंद वाचल्यावर.

आणि मग रोममध्ये तेच सापडलं. तिथे वारसा-मालमत्तेचे दावे चालवणारं शंभरावर न्यायाधीशांचं एक न्यायालय होतं. ते बसलं की समोर एक हास्ता उभा केला जाई. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गाइयस त्याचं कारण देतो. शत्रूकडून जिंकलेलं तेच खरं आपलं, असं जुने रोमन मानत, म्हणून भाला हा मालकीचा पुरावा. सरकारी लिलावही रोवलेल्या भाल्याखाली होत. स्पॅनिशमध्ये आजही लिलावाला ‘सुबास्ता’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ भाल्याखाली. दोन्हीकडे भाला दरबारात उभा राहिला, पण तो सांगत होता वेगवेगळं. रोमचा भाला म्हणत होता, हे माझं आहे, कारण मी ते घेतलं. रायगडावरच्या भाल्याच्या टोकाला मात्र कुणीतरी टोचायच्या जागी तोलायचं साधन बसवलं होतं.

ते तसं कायम राहिलं नाही, हेही लिहायला हवं. आपल्या भाषेत भालदार-चोपदार आले, भालेराव आडनाव आलं, तसा ‘भालेराई’ हाही शब्द आला. भाल्याच्या जोरावर चाललेली लुटालूट आणि अंदाधुंदी. मराठी फौजा दूरदूर गेल्या तेव्हा ज्यांच्या शेतांतून त्या गेल्या, त्यांनी भाल्याची ही दुसरी बाजू पाहिली. या पुस्तकात मी तिच्यावरून हात फिरवलेला नाही. आपल्या माणसांच्या हातातला भाला म्हणून तो दुसऱ्याच्या अंगात कमी रुततो असं होत नाही.

शब्दांविषयी दोन ओळी. पीलम, हास्ता, आमेंटुम हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण पीलमला नुसतं ‘भाला’ म्हटलं की वाचकाच्या मनात भलतं पातं उभं राहतं. आपल्याकडच्या हत्यारांसाठी भाला, बरची, विटा आणि अख्खी लोखंडाची ती सांग, असे चार शब्द वेगळे वापरले आहेत. घोड्यावरच्या लांब भाल्याला क्वचित नेजाही म्हटलं आहे. फेकण्याच्या हत्याराला संस्कृतात प्रास आणि तोमर आहेत, पण ते आणले असते तर छावणीतल्या लोहाराला सोवळं नेसवल्यासारखं झालं असतं.

गाळातून निघालेलं पातं मी घासून, तेल लावून टेबलावर ठेवलं आहे. परवा गावाकडून एका नातेवाइकाने त्याच्या मापाचा भरीव बांबू तोडून आणून दिला. तो वाळायला पावसाळाभर माळ्यावर राहील. तोवर वाचकाने स्पेनमधल्या नुमान्तियाच्या टेकडीवर यावं. इसवीसनपूर्व १३३ मध्ये रोमनांनी उपाशी मारून घेतलेलं हे गाव. त्याच्या भोवतीच्या वेढ्याच्या छावण्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उकरल्या गेल्या, आणि मातीतून पीलमची गंजलेली टोकं वर आली. पहिलं प्रकरण तिथे सुरू होतं.